काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे तीन महिने उपचारातच धरावेत

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या फेरतपासण्या, औषधे व प्रवास यांची सोय करण्याबाबत निवेदन

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे बीड, धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतले काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण आणि त्यांना सांभाळणारी घरची माणसे आहोत. आमच्यात कोरडवाहू शेतकरी आहेत, ऊसतोड कामगार आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, रिक्षा चालवणारे आहेत. कोणाची शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून झाली, कोणी दागिने मोडून केली. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांविषयी आमची तक्रार नाही. जी नजर उरली आहे ती त्यांच्यामुळेच उरली. आमचे म्हणणे सुरू होते ते पट्टी सोडल्यानंतरच्या काळाविषयी.

काचबिंदूत नजरेची नस सुकत जाते आणि त्यामुळे गेलेली नजर कोणत्याही उपचाराने परत येत नाही. उरलेली राखायची तर डोळ्यातला दाब उतरवावा लागतो. थेंब आणि लेसर पुरेनासे झाले की ट्रॅबेक्युलेक्टोमी करतात. वरच्या पापणीखाली, डोळ्याच्या पांढऱ्या भागात बारीक झडप कापून आतल्या पाण्याला नवी वाट करून देतात. ते पाणी पातळ आवरणाखाली साठून छोटा फुगवटा होतो, त्याला डॉक्टर ब्लेब म्हणतात. अडचण अशी की शरीर या वाटेला जखम समजते आणि ती बुजवायला लागते. इतर शस्त्रक्रियांत जखम लवकर भरली की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. इथे ती लवकर भरली तर शस्त्रक्रिया वाया जाते. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळीच मायटोमायसिन हे वण रोखणारे औषध लावतात, नंतर आठ ते बारा आठवडे स्टेरॉइडचे थेंब हळूहळू कमी करत नेतात, आणि दाब वाढू लागला तर लेसरने एखादा टाका सोडवतात. टाका सोडवण्याचे काम काही मिनिटांचे, पण ते पहिल्या काही आठवड्यांतच उपयोगी पडते. वेळ टळली की वण पक्का होतो. उलट कोणाचा दाब फारच खाली जातो, नजर आणखी धूसर होते आणि रोज नाही तरी दर दोन-तीन दिवसांनी डोळा पाहावा लागतो.

म्हणजे ही शस्त्रक्रिया टेबलावर संपत नाही, पुढचे तीन महिने ती चालूच असते. आमचे सारे मागणे एवढ्या एका गोष्टीवर उभे आहे.

आयुष्मान भारत योजनेच्या नियमांत रुग्णाला घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांचा औषध-तपासणीचा खर्च धरलेला आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आपल्या राज्यात तिला जोडूनच राबवली जाते. पुष्कळ शस्त्रक्रियांना १५ दिवस पुरत असतील. काचबिंदूच्या डोळ्याला ते पुरत नाहीत, कारण वण धरण्याचा धोका असतो त्या ऐन काळात ही मुदत संपलेली असते. यासाठी काचबिंदूच्या शस्त्रक्रियेपुरती ही मुदत ९० दिवस करावी आणि तीत फेरतपासण्या, टाका सोडवणे, लागल्यास ब्लेबजवळची इंजेक्शने आणि सगळे थेंब यावेत, ही आमची पहिली आणि मुख्य मागणी आहे.

थेंबांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण घरोघरी गोंधळ होतो तो इथेच. घरी येताना दोन-तीन बाटल्या हातात पडतात, सगळ्या सारख्याच आकाराच्या. ज्याची नजर अधू आहे त्याला त्यावरची बारीक इंग्रजी अक्षरे कशी वाचता यावीत? एक थेंब दिवसातून सहा-आठ वेळा, दुसरा चार वेळा, तिसरा एकदा. एक बाटली हलवून वापरायची, दोन थेंबांत पाच मिनिटे जाऊ द्यायची. हे तोंडी सांगितलेले चार दिवस लक्षात राहते. डोळ्याची लाली गेली की आमच्यातल्या कित्येकांनी स्टेरॉइडचे थेंब आपणच बंद केले. काहींनी उलटे केले. बरे वाटते म्हणून औषधाच्या दुकानातून तीच बाटली घेत राहिले, आणि त्या औषधानेच दाब चढला. म्हणून पूर्ण मुदतीचे थेंब रुग्णालयातूनच मिळावेत. बाटल्यांवर मोठ्या मराठी अक्षरांची आणि वेगवेगळ्या रंगांची पट्टी असावी, आणि कोणता थेंब कोणत्या आठवड्यात किती वेळा हे सांगणारा तक्ता घरच्यांच्या हाती द्यावा.

शस्त्रक्रियेआधी समजावून सांगण्याकडेही लक्ष द्यावे. गावात लोकांना ठाऊक असते मोतीबिंदूची शस्त्रक्रिया. पट्टी निघाली की माणूस घड्याळातली वेळ सांगतो. काचबिंदूत पहिल्या सकाळी आधीपेक्षाही कमी दिसते, डोळा खुपतो, पाणी गळते, आणि ही धूसरता काही आठवडे राहते. शेजारी म्हणतात ऑपरेशन फसले. घरात वाद होतो, पैसे पाण्यात गेले असे वाटते आणि पुढच्या तपासणीला कोणी नेत नाही. जी शस्त्रक्रिया चांगली झाली होती ती अशी बिघडते. नजर वाढवण्यासाठी नव्हे, उरलेली राखण्यासाठी हे करत आहोत, एवढे वाक्य रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना एकत्र बसवून, सावकाश, मराठीत सांगितले तरी पुष्कळ फरक पडेल.

फेरतपासणीची जागा जवळ हवी. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटात प्रवास आहे, त्याबद्दल आम्ही शासनाचे आभारी आहोत. पण पन्नाशीचा रुग्ण आणि त्याच्याबरोबरचा मुलगा पूर्ण तिकीट काढतात, आणि दोघांची त्या दिवसाची मजुरी बुडते. कर्करोग आणि डायलिसिसच्या रुग्णांना एसटीत सवलत आहे. तशी या ९० दिवसांपुरती काचबिंदूच्या रुग्णाला व एका सोबत्याला मिळावी. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक ठरलेला दिवस काचबिंदूसाठी असावा. तिथे स्लिट लॅम्प आणि डोळ्याला टेकवून दाब मोजणारे ॲप्लनेशन टोनोमीटर चालू स्थितीत असावे, आणि मोजलेला दाब त्याच दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोचावा. ई-संजीवनी या सरकारी दूर-सल्ला सेवेची सोय त्यासाठी वापरता येईल.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा मांडावा लागतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे एकाला डॉक्टरांनी वाकू नका, ओझे उचलू नका, धूळ-धूर टाळा असे सांगितले तरी तळावर ते पाळणे शक्य होत नाही. मोळी डोक्यावर घेणाऱ्या बाईला विश्रांती कोण देणार? ती सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात गेली की तिची तपासणी तुटते. शक्य तिथे अशा रुग्णांच्या शस्त्रक्रिया हंगाम संपल्यावर लगेच घ्याव्यात, म्हणजे पावसाळाभर विश्रांती व तपासण्या होतील. ज्यांचा दाब थांबू देत नाही त्यांना राज्यातल्या कोणत्याही सरकारी रुग्णालयात, जिल्ह्याची अट न घालता, तपासून घ्यावे. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने त्या काळात बुडणाऱ्या मजुरीचा विचार करावा अशी शिफारस आपल्या खात्याने करावी.

आणखी एक गोष्ट तातडीची आहे. ब्लेबमधून डोळ्यात जंतुसंसर्ग शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षांनीही होऊ शकतो. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे येण्याची साथ होती. अशा दिवसांत लाल डोळा घेऊन गेलेल्या माणसाला दुकानदार काउंटरवरूनच थेंब देतो. ब्लेब असलेल्या डोळ्यात लाली, दुखणे, पू किंवा नजर उतरणे दिसले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा लागतो, एरवी डोळा हातचा जातो. त्यासाठी प्रत्येक रुग्णाला एक कार्ड द्यावे. कोणता डोळा, कोणती शस्त्रक्रिया, कधी झाली आणि ‘डोळा लाल झाल्यास थांबू नका’ ही सूचना त्यावर ठळक असावी. आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्रातले नेत्रचिकित्सा अधिकारी आणि औषध विक्रेते यांना या कार्डाची माहिती असावी.

काचबिंदू घराण्यात उतरतो. रुग्णाच्या भावंडांची व मुलांची तपासणी त्याच काचबिंदूच्या दिवशी करून घ्यावी, एवढी भर.

देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि मोतीबिंदूच्या बाबतीत त्याने गावागावांत काम उभे केले. त्याच यंत्रणेकडून आम्ही हे मागत आहोत. यातली बरीचशी साधने आणि माणसे आधीच आहेत. त्यांना हे काम नेमून देणारा आदेश हवा आहे.

कोयते दसरा-दिवाळीनंतर घर सोडतात. त्याआधी, म्हणजे येत्या दसऱ्यापर्यंत, ९० दिवसांच्या मुदतीचा निर्णय आणि कार्डाची छपाई व्हावी. आमच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी आणि प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले नम्र,
काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण व त्यांचे कुटुंबीय
(सह्या व अंगठे सोबत जोडले आहेत)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
मुख्य कार्यकारी अधिकारी, राज्य आरोग्य हमी सोसायटी, मुंबई
जिल्हा शल्यचिकित्सक, बीड, धाराशिव व लातूर