फॉरमॅट मारण्याआधी

पालघर जिल्हा झाला त्या वर्षी, म्हणजे २०१४ साली, जव्हारच्या आमच्या घरात कॉम्प्युटर आला. आय-थ्री, चार जीबी रॅम. जिल्ह्याला लोक अजून नवाच म्हणतात, कॉम्प्युटर मात्र म्हातारा ठरला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं, आमचा पडला चौथ्या पिढीतला. भाचा म्हणाला, "मामा, भंगारात द्या."

का द्यायचा? बिघडलं काहीच नव्हतं. नाशिकला दाखवायचा तर सीपीयू मांडीवर घेऊन मोखाडा, त्र्यंबक करत एसटीने जायचं, आणि तिथेही ऐकायचं काय, तर 'नवीन घ्या'!

शेवटी भाच्यानेच लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर उतरवून आणलं. तीनेक जीबीची फाइल, पैसा एक नाही. गंमत म्हणजे ते आत न टाकताही पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. वायफाय लागलं, प्रिंटर ओळखला गेला, मराठी इनस्क्रिप्टची सोय आधीपासून होतीच. मग फॉरमॅट मारला. मोखाड्याच्या बोहाड्यात रोजच्या ओळखीचा माणूस मुखवटा चढवून देव होतो, तसं काहीसं वाटलं. खोकं तेच, चाल निराळी.

यात नवल वाटायचं कारण नाही. २००७ साली कर्जत तालुक्यातल्या खैरातच्या शाळेत मुलांना छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप दिले होते. ते लिनक्सवरच चालायचे, रॅम २५६ एमबी. आमच्याकडे त्याच्या सोळापट आहे आणि आम्ही रडतोय.

तरी सगळंच गोड नाही. चार जीबीत ब्राउझरचे दहा टॅब उघडले की मशीन धापा टाकतं. हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली तेव्हा खरा फरक पडला, आणि खर्च झाला तो तेवढाच. दाखले, फॉर्म भरून देणाऱ्यांनी तर जपूनच हात घालावा. अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीची डोंगल लिनक्सवर चालते का, हे पेन ड्राइव्हवरच तपासावं. नाही चाललं तर गुमान मागे फिरावं. त्यात कमीपणा नाही.

माझी फजिती वेगळीच झाली. सगळ्या फाइली जपून उतरवल्या, पण माझे वीस वर्षांपूर्वीचे लेख युनिकोडच्या आधीच्या एका फॉन्टमध्ये होते. तो फॉन्टच फॉरमॅटमध्ये गेला. लेख उघडले तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि टिंबं. वाचकांना वाटेल बरंच झालं; मला दोन रात्री झोप नव्हती. शेवटी एका मित्राच्या जुन्या मशीनवर तो सापडला.

शाळेच्या कपाटात, ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात असं एखादं खोकं धूळ खात असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याला एक पेन ड्राइव्ह लावून बघा. फोटो आणि कागदपत्रं आधी दुसरीकडे उतरवा. आणि फॉन्ट विसरू नका.