वीटभट्टीवरचे बालक कोणाचे?

आफ्रिकेतील खेड्यांत कॅथलिक मिशन कुपोषित बालकांना आहार व औषध पुरविते. वसईकरांनाही बंगलीच्या कार्डिनल ग्रेशस रुग्णालयामुळे मिशनची आरोग्यसेवा परिचित आहे. सेवेआडून होणाऱ्या धर्मांतरास आमचा विरोध आहेच. परंतु भुकेल्या बालकाला हेतू कळत नाही, घास कळतो.

१९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा समाज हादरला आणि पुन्हा निद्रिस्त झाला. आज ते बालक आपल्या दारी आहे. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातील वनवासी कुटुंबे वसई-विरार परिसरातील वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर येतात. गावच्या अंगणवाडीतला आहार मागे राहतो; २०१५ ची अमृत आहार योजनाही बहुधा तिथेच थांबते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला शिक्षण बालकांच्या अंगणात नेले. तोच मार्ग अनुसरावा लागेल. आपल्या वस्तीजवळच्या भट्टीवर जावे, बालकांचे वजन करवून घ्यावे, जवळच्या अंगणवाडीत त्यांची नावे नोंदवावीत, ताजा आहार मिळतो की नाही हे पाहावे.

मिशन तेथे का पोहोचले, हे विचारण्यापूर्वी आपण का पोहोचलो नाही, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःला द्यावे.