काळविटाची काळी पाठ

४५ मेगापिक्सेलचा नवा कॅमेरा हातात आला, की कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला जावं. १९८० साली काळविटांसाठी राखलेलं हे अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. नराची पाठ काळीभोर, पोट पांढरंशुभ्र. म्हणजे एकाच अंगावर प्रकाशाची दोन टोकं. पोटाचा पांढरा जळणार नाही इतकं एक्स्पोजर उतरवावं आणि रॉ फाइल ठेवावी. पाठीवरचे केस नंतर उजळता येतात. इतक्या बारीक पिक्सेलवर हाताचा किंचित कंपही उमटतो, म्हणून ५०० मिमी लेन्सला १/५०० शटर पुरत नाही. उसळत्या कळपाला तर १/२००० हवंच. कळप पळवून मिळवलेला फोटो मात्र मला नकोच. ऊन तापून माळावरची हवा थरथरू लागली, की महागडी लेन्सही हतबल होते. तेव्हा सरळ दुर्बीण काढावी.