सर्च इंजिनची परीक्षा घ्यायची कशी?

शोधाच्या उत्तरादाखल लाखो पानांचा आकडा पाहिला, की वापरणारा दिपून जातो. प्रत्यक्षात हा आकडा निव्वळ अंदाज असतो आणि पहिल्या काही दुव्यांपलीकडे क्वचितच कोणी जाते. त्यामुळे गूगल, बिंग वा डकडकगो यांपैकी सरस कोण, याचा निवाडा आकड्यांवरून करणे फसवे ठरते.

त्यासाठीच्या कसोट्या इंटरनेटहून जुन्या आहेत. ब्रिटनमधील क्रॅनफील्ड येथील ग्रंथपाल सिरिल क्लेव्हरडन यांनी १९६० च्या दशकात १४०० शोधनिबंधांच्या संग्रहावर चाचण्या घेतल्या. त्यांतून अचूकता आणि व्याप्ती ही दोन मापे रूढ झाली. दाखवलेल्या १० पानांपैकी ७ उपयुक्त असतील, तर अचूकता ७० टक्के. मात्र संग्रहात एकूण २० उपयुक्त पाने असतील, तर व्याप्ती अवघी ३५ टक्के.

अडचण अशी, की इंटरनेटवर उपयुक्त पाने एकूण किती, हे कोणालाच ठाऊक नसते. अमेरिकेत १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रेक’ या उपक्रमाने त्यावर तोडगा काढला. सर्व स्पर्धक प्रणालींनी वर आणलेली पाने एकत्र करून ती परीक्षकांकडून तपासून घेतली जातात. तरीही एक उणीव उरतेच. कोणत्याच प्रणालीला न सापडलेले पान परीक्षकांपुढे येतच नाही.

मराठीच्या दृष्टीने हा मुद्दा कळीचा आहे. मराठीत विभक्तीमुळे शब्दाचे रूप पालटते. ‘पाऊस’ शोधणाऱ्याला ‘पावसाने’ किंवा ‘पावसात’ असलेली बातमी मिळाली नाही, तर व्याप्ती घटते. उलट शब्दांच्या शेवटाला सरसकट कात्री लावली, तर ‘माळा’ आणि ‘माळी’ एकाच पंक्तीत बसतात आणि अचूकता ढासळते. हे जोखण्यासाठी भारतात २००८ मध्ये ‘फायर’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात हिंदी, बंगालीसोबत मराठी वृत्तपत्रांतील मजकुराचाही समावेश होता.

तथापि, बंदिस्त संग्रहावरील यश म्हणजे खुल्या इंटरनेटवरील यश नव्हे. वाचकाला एक साधी चाचणी घरीही घेता येईल. स्वतःला ठाऊक असलेले एखादे मराठी पान शब्दांची रूपे बदलून दोन-तीन सर्च इंजिनांवर शोधावे. ते मिळाले नाही, तर दोष पानाचाच असेल असे नाही, शोधणाऱ्या यंत्रणेचाही असू शकतो. जे सापडत नाही ते अस्तित्वातच नाही, असे मानले जाण्याच्या काळात हा दोष केवळ तांत्रिक राहत नाही.