जटायूची राखण

घोटीचे नाव मुंबई-पुण्याकडील घरांतून पूर्वी बहुधा तांदळाच्या निमित्ताने निघत असे. अलीकडे ते निराळ्याच संदर्भात कानी पडते. नोकरीतून मोकळे झाल्यावर घोटी-इगतपुरीच्या बाजूस लहानसे घर घ्यावे, समोर कळसूबाईची रांग दिसावी, समवयस्कांचा शेजार असावा आणि उरलेले आयुष्य स्वस्थपणे घालवावे, असा मनोदय पुष्कळ गृहस्थ बोलून दाखवितात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून मुंबईहून इकडील प्रवासही सुकर झाला आहे. तेव्हा ह्या ‘स्वस्थपणा’चा थोडा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. ज्यास कोणी नाही त्यास आसरा देणारी संस्था वेगळी, आणि ज्याचे सर्व काही आहे त्याने आपखुशीने पत्करलेली निवृत्तांची वसाहत वेगळी. पुण्याच्या नव्या पेठेतील ‘निवारा’ ही संस्था पहिल्या प्रकारची. डेव्हिड ससून यांच्या नावाने १८६३ साली निराधार व पंगू माणसांकरिता ती निघाली. दुसऱ्या प्रकारच्या वसाहती आपल्याकडे विसाव्या शतकाच्या अखेरीपासून वाढू लागल्या. पुण्यातील ‘अथश्री’चे नाव आमच्या वाचकांस परिचित असेलच. इतिश्री होण्याच्या वयात ‘अथ’ म्हणावयाचे, ही कल्पना मोठी गोड आहे. अशा ठिकाणी घर स्वतःचे असते, पण भोजनाची, औषधपाण्याची व करमणुकीची व्यवस्था सामायिक असते. सकाळी व्यायाम, दुपारी पत्ते किंवा वाचन, सायंकाळी भजन, असा दिनक्रम चालतो. ह्यात निंद्य काय आहे? २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठीच्या पुढची माणसे सुमारे १० कोटी ३८ लक्ष भरली. त्या सर्वांची सोय एकाच साच्यात बसेल, असे मानणे व्यर्थ होय.

तरीही एकत्र कुटुंबात वाढलेल्या आमच्या मनास हा विषय निघाला की बोच लागते. आईवडिलांनी वेगळे राहावयाचे म्हणजे मुलांच्या तोंडास काळिमा, असे अनेकांस वाटते. वस्तुतः आपले शास्त्र येथे आपणांपेक्षा उदार आहे. अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पांढरे झाले आणि नातवाचे मुख दृष्टीस पडले, म्हणजे गृहस्थाने वनाचा आश्रय करावा, असे मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. पत्नीस मुलांकडे ठेवावे वा बरोबर न्यावे, अशी मुभाही तेथेच आहे. परंतु त्याच प्रकरणातील पुढची आज्ञा आपण सोयीस्करपणे विसरतो. वनात गेल्यावरही पंचमहायज्ञ सुटत नाहीत. कंदमुळे का असेनात, आश्रमास आलेल्या अतिथीस त्यांतून वाटा द्यावयाचाच आहे. तात्पर्य, घर सुटले तरी कर्तव्य सुटत नाही.

ह्याचा दाखला शोधावयास घोटीपासून दूर जावयास नको. इगतपुरी तालुक्यातच टाकेद हे सर्वतीर्थ आहे. रावणाच्या प्रहारांनी घायाळ झालेला जटायू येथे पडला, आणि त्याच्या मुखात घालण्याकरिता रामाने बाण मारून सर्व तीर्थांचे जल येथे आणले, अशी ह्या स्थानाची कथा आहे. यात्रेकरू स्नान करून परततात, परंतु जटायू कोण होता ह्याचे स्मरण थोड्यांसच असते. तो दशरथाचा मित्र, म्हणजे घरातील आजोबांच्या जागी. पंचवटीत राम-लक्ष्मण बाहेर गेले असता सीतेवर लक्ष ठेवीन, असे वचन त्याने आपण होऊन दिले होते. आपले वय साठ हजार वर्षे झाले आहे आणि रावण तरुण, कवचधारी व रथारूढ आहे, हे तो स्वतःच रावणास ऐकवितो, आणि तरीही वाट अडवितो. त्यास जय मिळाला नाही. परंतु सीता कोणत्या दिशेस गेली हे रामास त्याच्याच मुखातून कळले, आणि रामाने त्याचा अंत्यविधी पित्याप्रमाणे केला. वृद्धाची शक्ती गेली तरी त्याची राखण फुकट जात नाही, हेच ह्या कथेचे मर्म आम्ही समजतो.

उतारवयातील छंदांकडे आम्ही ह्याच दृष्टीने पाहतो. शब्दकोडी, पत्ते, पेटीवादन, विणकाम, फुलझाडे ह्यांपैकी काहीही वाईट नाही. ज्याने तीस-चाळीस वर्षे कचेरीत मान मोडून काम केले, त्याने आता वीणा हाती घेतली तर ती कौतुकाचीच गोष्ट. मात्र दिवसातून एखादे तरी कर्म असे असावे की ते झाले नाही तर कोणाचे तरी अडेल. कोडे न सुटल्याने कोणाचे अडत नाही. शेजारच्या दृष्टिहीन गृहस्थांस वर्तमानपत्र वाचून दाखविणे एक दिवस चुकले, तर ते वाट पाहतात. गावातील चार मुलांस गणित शिकविण्याचे पत्करले, तर ठरल्या वेळी मुले दाराशी येऊन उभी राहतात. ही वाट पाहिली जाणे हेच म्हातारपणातील मोठे रसायन होय.

श्रद्धेचेही तसेच आहे. घोटीच्या शेजारी, इगतपुरीस, धम्मगिरी हे विपश्यनेचे केंद्र १९७६ पासून चालू आहे. तेथे दहा दिवसांच्या शिबिरात साधकांकडून मौन पाळून घेतात, आणि शिबिर संपले की त्यांस आपापल्या संसारात परत पाठवितात. परत जावयाचे आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पारायण असो, जप असो वा हरिपाठ असो, त्यातून उठल्यावर मनुष्य दुसऱ्याच्या अधिक जवळ गेला पाहिजे. नित्य हरिपाठास येणाऱ्या एखाद्या आजीबाई दोन दिवस दिसल्या नाहीत, आणि टाळ खाली ठेवून कोणी त्यांच्या दारावर थाप मारली, तर त्या मंडळाची भक्ती खरी.

असो. जाणाऱ्यांस दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो. ह्या पट्ट्यात भातशेती आहे. राबात वाढविलेली रोपे तीन-चार आठवड्यांची झाली की त्यांची आवणी करतात. फार थोराड झालेले रोप दुसरीकडे लावल्यास त्यास फुटवे कमी येतात, हे येथील कोणताही शेतकरी सांगेल. वसाहतीत जावयाचे असेल तर पाय चालते आहेत, नवा स्नेह जोडण्याची उमेद आहे, तोच जावे, आणि आपल्या मर्जीने जावे. दुसरे असे की, इगतपुरीकडे वर्षास सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हिवाळ्यातील निरभ्र आकाश पाहून घर ठरवू नये. एक आषाढ-श्रावण भाड्याने राहून पाहावे. रुग्णालयास रात्री किती वेळात पोहोचता येते, न्हाणीघरात धरावयास आधार आहे काय, हे आधी पाहावे.

आता घरी राहिलेल्यांस. २००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाचा भार मुलांवर टाकला आहे, आणि ते योग्यच झाले. परंतु अन्नवस्त्र देऊनही वडील माणसास घरातून काढता येते, हे कायद्यास दिसत नाही. ‘तुम्ही कशाला त्रास घेता, आराम करा,’ असे म्हणून आपण आजीच्या हातची फोडणी काढून घेतो, आजोबांच्या हातचा हिशेब काढून घेतो, आणि मग ते दिवसभर दूरचित्रवाणीसमोर बसतात म्हणून कुरकुरतो. ही सन्मानपूर्वक केलेली बेदखलीच आहे. अशा घरापेक्षा वसाहतीतील एक खोली बरी वाटली, तर त्यांस दोष कोणी द्यावा?

म्हणून वडीलधारी माणसे घोटीस राहोत वा घरी राहोत, त्यांच्याकडे एखादी राखण सोपवा. नातवाची संथा असो, देवघर असो, घराच्या जुन्या कागदपत्रांची जुळणी असो. पण ती खरोखरीची असावी, मन रमविण्याकरिता दिलेली नसावी. एकदा सोपविली की तीत ढवळाढवळ करू नका, आणि त्यांनी काही विचारले तर उत्तर देण्यास वेळ काढा.