प्रश्नांची वाटणी आणि चिठ्ठीचा न्याय

कोलशेतच्या खाडीकाठी जे घडले, ते ठाणे शहराच्या इतिहासाचेच संक्षिप्त रूप आहे. आधी गावठाण, मग त्याच्या शेजारी आलेले रासायनिक कारखाने आणि आता कारखान्यांच्याच जमिनीवर उभे राहिलेले मनोरे. सॅन्डोझचा व पुढे क्लॅरिअंटचा कारखाना जेथे होता, तेथे आज लोकवस्ती आहे. गावठाणातील जुना रहिवासी, मनोऱ्यातील नोकरदार, त्याच्या घरी धुणीभांडी करणारी बाई आणि फाटकावरचा सुरक्षारक्षक या साऱ्यांचे पाणी, वाहतूक, रोजगार, घरभाडे व दवाखाना यांविषयीचे म्हणणे समजून घेतल्यावाचून येथे कोणतेही टिकाऊ काम उभे राहणार नाही. त्यासाठी पाहणी हवी. आणि ती मोबाईलवर ऑनलाइन करावी असा विचार कार्यकर्त्यांच्या मनात येणे आज साहजिकच आहे.

पाहणीची आखणी करावयास बसले की पहिली अडचण प्रश्नांच्या संख्येची येते. प्रत्येकाला आपला प्रश्न महत्त्वाचा वाटतो आणि पाहता पाहता यादी साठांवर जाते. साठ प्रश्नांना उत्तरे कोण देणार? चार घरची कामे करणारी बाई पंधराव्या प्रश्नाला मोबाईल खाली ठेवील. बारा तासांच्या पाळीवर उभा असलेला रक्षक तिच्याही आधी ठेवील. शेवटपर्यंत टिकेल तो ज्याला फुरसत आहे तोच. म्हणजे लांबलचक प्रश्नावली दिसावयास निरुपद्रवी असली, तरी ती श्रमणाऱ्यालाच गाळून टाकते आणि फुरसतवाल्याच्या मताला ‘जनमत’ हे नाव देते.

यावर उपाय आहे. वस्ती, वय, काम असे बारा प्रश्न सर्वांना समान ठेवावेत. उरलेल्या अठ्ठेचाळीसांचे सोळा-सोळांचे तीन संच करावेत आणि कोणाला कोणता संच दिसेल हे संगणकाने चिठ्ठी टाकून ठरवावे. प्रत्येकाच्या वाट्याला अठ्ठावीसच प्रश्न येतील आणि तरीही साठही प्रश्नांची उत्तरे हाती लागतील.

सर्वांनाच सर्व काही विचारावयाचे नाही, ही कल्पना नवी नव्हे. १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणीची पहिली फेरी निघाली, तेव्हा निवडलेल्या १,८३३ गावांपैकी १,१८९ गावांत महालनोबिस यांच्या कलकत्त्याच्या संस्थेची प्रश्नपत्रिका नेण्यात आली आणि ६४४ गावांत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची.

परंतु चिठ्ठीचे खरे मोल वेळ वाचविण्यापुरते नाही. १९९४ ते १९९८ या काळात याच राष्ट्रीय पाहणीने कुटुंबांची चिठ्ठीने वाटणी केली. काहींना महिनाभरातील खर्च विचारला. काहींना अन्नधान्याचा खर्च आठवड्याचा आणि कपडालत्त्यासारख्या वस्तूंचा वर्षाचा विचारला. देश तोच, दारिद्र्यरेषा तीच. पण दुसऱ्या पद्धतीने विचारले की गरिबांची संख्या जवळपास निम्म्यावर येत होती! एकाही गरिबाच्या ताटात घासभर जास्त अन्न पडलेले नव्हते. बदलला होता तो केवळ प्रश्न. १९९९-२००० साली मात्र अन्नखर्चासाठी आठवडा आणि महिना हे दोन्ही रकाने एकाच कुटुंबापुढे शेजारी शेजारी मांडले गेले. एका उत्तराची छाया दुसऱ्यावर पडली. दारिद्र्य १९९३-९४ मधील ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आल्याचे जाहीर झाले आणि त्या आकड्यावर अर्थशास्त्रज्ञांत वर्षानुवर्षे वाद चालला. चिठ्ठीने वाटणी केली म्हणून प्रश्नकर्त्याचा हात दिसला. वाटणी मोडताच तो पुन्हा झाकला गेला. प्रश्न तयार करणे हीही एक सत्ता आहे, आणि त्या सत्तेला जाब विचारण्याचे चिठ्ठी हे एक साधन आहे.

मात्र चिठ्ठी आंधळीच असली पाहिजे. गावठाणाला पाण्याचे प्रश्न आणि मनोऱ्यांना उद्यानाचे, अशी ‘सोयीची’ वाटणी करण्याचा मोह होईल. तो कटाक्षाने टाळावा. अशा वाटणीने आपले पूर्वग्रहच आकड्यांच्या रूपाने परत येतात. पहिल्या तीनशेंना पहिला संच, असेही करू नये. आधी उत्तर देणारे आणि मागाहून देणारे हे एकाच परिस्थितीतले लोक नसतात. प्रत्येक वस्तीत चिठ्ठी स्वतंत्रपणे टाकावी, म्हणजे तिन्ही संच सर्वत्र सारखे पोहोचतील. न विचारलेला प्रश्न आणि न दिलेले उत्तर यांची नोंद वेगळी ठेवावी, नाहीतर मौनाचा अर्थ भलताच लागेल.

या पद्धतीची किंमतही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नऊशे माणसांनी उत्तरे दिली, तर संचातील प्रत्येक प्रश्नाला तीनशेच उत्तरे मिळतात. निवड निर्दोष धरली तरी सव्वातीन टक्क्यांच्या आसपासची संभाव्य चूक पावणेसहा टक्क्यांच्या घरात जाते. नऊशेंत गावठाणाचे साठच असतील, तर एका संचाला तेथून वीस उत्तरे येतील आणि त्यांवरून काहीच सिद्ध होणार नाही. तेथे अधिक घरे घेतलीच पाहिजेत. तसेच बेकारी एका संचात आणि घरभाडे दुसऱ्यात टाकले, तर त्या दोन दुःखांचा परस्परसंबंध कधीच कळणार नाही. जे प्रश्न आयुष्यात एकत्र येतात, ते एकाच संचात राहावेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे: चिठ्ठी न्याय करते तो ज्यांनी लिंक उघडली त्यांच्यापुरताच. ज्या घरात एकच मोबाईल आहे व तोही कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात आहे, त्या घरापर्यंत कोणतीही संगणकीय चिठ्ठी पोहोचत नाही. तेथे कार्यकर्त्याला स्वतःचा मोबाईल घेऊन उंबरठ्यावर जावे लागेल, प्रश्न मराठीत वा हिंदीत वाचून दाखवावे लागतील आणि जो संच येईल तोच विचारावा लागेल, आपल्याला आवडेल तो नव्हे.

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे की, सरकारची असो, महापालिकेची असो वा आपली स्वतःची असो, कोणतीही पाहणी पुढे आली की टक्केवारी वाचण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. कोणाला विचारले? कोणाला काय विचारले? आणि ते कोणी ठरविले? ज्या पाहणीत या तिन्हींची उत्तरे प्रश्नावलीसह प्रसिद्ध होत नाहीत, तिच्या आकड्यांवर विसंबून कोलशेतच्या एकाही घराचे भवितव्य ठरता कामा नये. हा दंडक इतरांना लावण्याआधी आपण तो स्वतःला लावून घेतला पाहिजे.