पूर्वाश्रमीचे नाव

परमुलखात राहणाऱ्या माणसास आपल्या लिपीतील कागदाचा कपटाही टाकवत नाही. अड्यारला येऊन मला आता आठ वर्षे झाली. भाषांतराच्या निमित्ताने दिवसभर मराठी अक्षरे डोळ्यांपुढे असतात. तरीही मिरजेहून आईने पाठविलेले भाजणीचे नि मेतकुटाचे पुडे आले, की ज्या वर्तमानपत्रात ते गुंडाळलेले असतात ते मी आधी हाताने सपाट करून वाचते आणि मगच पुडे डब्यांत भरते. मागल्या महिन्यातही तसेच झाले. हळदीचे भाव वाचले, एका नाटकाची जाहिरात वाचली, कोपऱ्यातील निधनवार्ताही वाचल्या. त्यांतील एक सौ. अमुक, वय ३६, अल्पशा आजाराने निधन. पश्चात पती, सासू, दीर व एक मुलगी. "फार लवकर गेली बिचारी," असे मनाशी म्हटले आणि तो कागद फडताळात डब्यांखाली अंथरला.

त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी शाळेतील एका वर्गभगिनीचा दूरध्वनी आला. तिने एक नाव घेतले आणि ती रडू लागली. ते नाव माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचे होते. मी तारीख विचारली, गाव विचारले, शेवटी सासरचे नाव विचारले. आणि उत्तर ऐकून फडताळातले डबे एकेक करून खाली उतरविले. ती वार्ता तिचीच होती. लग्नात तिचे आडनाव बदलले हे मला ठाऊक होते. ताटातल्या तांदळांत अंगठीने नवे नाव लिहून तिचे पहिले नावही बदलले होते, हे मात्र मी विसरून गेले होते. आम्ही दोघी एकमेकींना जुन्याच नावाने हाक मारीत असू. छापलेल्या दोन ओळींत तिला ओळखण्याजोगे असे माझ्यासाठी एक अक्षरही नव्हते.

मिरजेत आम्ही दोघी सतारमेकरांच्या गल्लीवरून शाळेत जात असू. दुकानांच्या दारांत तंबोऱ्यांचे भोपळे टांगलेले असत, आणि त्यांवर टिचकी मारून कोणता चांगला वाजतो ते ती मला सांगे. मी त्या वयात फार अडखळत बोले. वर्गात मोठ्याने वाचण्याची पाळी आली, की पहिलाच शब्द घशात अडके आणि मुली हसू लागत. तिने यावर एक युक्ती काढली. माझी पाळी आली, की ती मान खाली घालून पहिले अक्षर अगदी हळू उच्चारी. ते कानी पडले की माझे वाचन सुरू होई. गुरुजींना हे कळले नाही आणि माझ्या घरीही कोणाला कळले नाही. पुढे माझी वाणी मोकळी झाली आणि शब्दांवरच माझा चरितार्थ चालू लागला. पण त्या पहिल्या अक्षराची गोष्ट सांगू शकणारे जगात आम्ही दोघेच जीव होतो. आता एकच उरला आहे.

त्या संध्याकाळी मी घरात थांबू शकले नाही. अड्यार नदी जेथे समुद्रास मिळते तिकडच्या वाळवंटात जाऊन बसले. याच किनाऱ्याशी दोन शाळकरी भावांची एक हकीगत निगडित आहे, आणि ती मला त्या दिवशी निराळ्याच अर्थाने आठवली. १९०९ च्या जानेवारीत नारायणय्या नावाचे एक निवृत्त सरकारी नोकर आपल्या मुलांना घेऊन थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवाराबाहेर एका पडक्या घरात राहावयास आले. त्यांचे दोन मुलगे, कृष्णमूर्ती आणि त्याच्याहून तीन वर्षांनी धाकटा नित्यानंद, येथून मैलापूरच्या शाळेत पायी जात. नित्या हुशार होता. कृष्णमूर्ती मात्र हरवल्यासारखा असे. मास्तर त्याला मतिमंद समजत, छड्या मारीत आणि ओसरीवर उभा करीत. शाळा सुटली तरी तो तेथेच उभा राही. मग धाकटा नित्या येऊन त्याचा हात धरी आणि त्याला घरी नेई.

त्याच वर्षी या किनाऱ्यावर लेडबीटर यांची दृष्टी थोरल्या भावावर पडली, आणि भावी जगद्‌गुरू म्हणून त्याचे संगोपन सुरू झाले. पुढे नित्यानंदास क्षयाने गाठले. १३ नोव्हेंबर १९२५ रोजी कॅलिफोर्नियातील ओहाय येथे तो वारला, तेव्हा कृष्णमूर्ती अड्यारच्या अधिवेशनासाठी जहाजाने येत होते. सुएझजवळ त्यांना तार मिळाली. त्यांच्याच खोलीत प्रवास करणारे बी. शिवराव यांनी पुढे लिहून ठेवले आहे, की कृष्णमूर्ती रात्री झोपेत नित्याला हाका मारीत आणि हुंदके देत. ज्यांच्याकडे हजारो लोक सांत्वनाच्या आशेने पाहत होते, त्यांनाही या दुःखातून सुटका नव्हती. चार वर्षांनी, १९२९ साली, त्यांनी आपल्यासाठी स्थापन झालेला संघ स्वतःच विसर्जित केला. पुढे ते वयाच्या नव्वदीपर्यंत जगले, देशोदेशी बोलले. पण ओसरीवर उभ्या राहिलेल्या त्या मुलाला हाताला धरून घरी नेणारा तेवढा त्यांच्यापाशी राहिला नाही.

बालपणीच्या सोबत्याचा मृत्यू इतर मृत्यूंहून वेगळा वाटतो, त्याचे कारण मला यात दिसते. मोठेपणी भेटलेली माणसे आपण जे झालो त्याची साक्षीदार असतात. बालमित्र मात्र आपण काहीच नव्हतो तेव्हाचा साक्षीदार असतो, आणि त्या वेळी त्याने केलेल्या मदतीची नोंद इतर कोठेही नसते.

माझ्या मनाला दुसरीही एक टोचणी आहे, ती लपवीत नाही. मी मद्रासला निघाले तेव्हा ती स्टेशनवर आली होती. मिरजेच्या दर्ग्यापाशी ज्यांची कबर आहे ते अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीस जाताना वाटेतल्या स्टेशनवर वारले, ही गोष्ट आमच्या गावी सर्वांस ठाऊक असते. ती हसून म्हणाली, "खाँसाहेब तिकडे गेले ते जिवंत परत आले नाहीत. तू मात्र येत जा गं." मी फारशी गेले नाही. गेल्या दिवाळीत तिचा दूरध्वनी आला, तेव्हा हातात तपासावयाची मुद्रिते होती. "सावकाश बोलू," असे सांगून मी तो ठेवला. ते सावकाश पुन्हा आले नाही.

वाचकांपुढे, विशेषतः भगिनींपुढे, एक लहानशी सूचना ठेवावीशी वाटते. विवाहानंतर नाव बदलण्याची सक्ती कायद्याने केलेली नाही. तो रूढीचा व ज्याच्या त्याच्या इच्छेचा प्रश्न आहे. परंतु घरातील स्त्रीची निधनवार्ता छापावयास देताना 'पूर्वाश्रमीच्या' म्हणून तिचे माहेरचे नाव अवश्य द्यावे. त्याला एका ओळीहून अधिक जागा लागत नाही. कोठेतरी दूर, एखाद्या फडताळापाशी उभ्या असलेल्या बालमैत्रिणीला ती एक ओळ पुरेल. आणि ज्यांना आपल्या बाकावरच्या सोबत्याचा ठावठिकाणा अजून ठाऊक आहे, त्यांनी हातातले काम थोडे बाजूला ठेवून आजच बोलावे.

तिची मुलगी आता चौथीत आहे. आईकडून पत्ता मागवून मी तिला काल पत्र टाकले. सांत्वनाचे शब्द मला सुचले नाहीत, म्हणून भोपळ्यांवरच्या टिचक्या आणि पहिल्या अक्षराची युक्ती तेवढी सविस्तर लिहिली. आपली आई नऊ वर्षांची असताना कशी होती, हे तिला सासरच्या घरात कोण सांगणार? पत्राच्या आरंभी मैत्रिणीचे जुने नाव लिहिले आणि त्याखाली लिहिले, की तुझ्या आईचे हे नाव तू पाठ करून ठेव.